अन्नावरचा राग

२ फेब्रुवारी

ताई,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, म्हणून कागद. कागद फाडायला तुझा हात होत नाही हे मला माहीत आहे. शाळेची पोरं व्हॅनमध्ये वह्यांची पानं टाकून जातात, ती सुद्धा तू सरळ करून डॅशबोर्डवर ठेवतेस. तेव्हा हे तू वाचणार. उत्तर नाही दिलंस तरी चालेल. चालणार नाहीये, पण असं लिहायची पद्धत असते.

आधी भांडण पुरं करू या, कारण तू मधेच फोन आपटलास. बाबा तीन आठवडे दवाखान्यात होते आणि तू मला रोज नवीन थाप मारत होतीस. बाबा झोपलेत. बाबा अंघोळीला गेलेत. एकदा तर म्हणालीस, बाबा व्हॅन धुतायत! नाकात नळ्या घातलेला माणूस व्हॅन धुतोय, आणि मी मूर्ख इकडून म्हणतेय, "त्यांना सांग, मागच्या दाराची कडी तेवढी बदलून घ्या." मी इथे खांब आणि तुळयांचे पेपर लिहीत बसले. शेवटचा पेपर देऊन खोलीवर आले तर तुझा फोन. बाबा परवाच गेले. सगळं आटोपलंसुद्धा. का नाही सांगितलंस? तर म्हणे, "तुझी परीक्षा होती."

मी म्हटलं, तू माझे बाबा चोरलेस. हो, म्हटलं. तू म्हणालीस, "हगलं-मुतलं मी काढलं, आणि तू तिथे बसून मला चोर म्हणतेस? आजपासून तुझा माझा संबंध नाही." आणि खट्.

मी शब्द मागे घेत नाही. मी रागावले आहे. किती, ते तुला कळावं म्हणून सांगून ठेवते: मी जेवत नाहीये.

हस, हस. पण आपल्या घरात कधी कुणी कुणाला "मला वाईट वाटलं" असं तोंडाने म्हणालंय का? आपल्याकडे ताट सरकवतात. बाबांचं शाळेच्या शिपायाशी वाजलं तरी घरी येऊन भिंतीकडे तोंड. "मला भूक नाही." मग आई होती तोवर आई, आणि ती गेल्यावर तू, त्यांच्यामागे ताट घेऊन. दोन घास खा, बरं एकच खा, माझ्यासाठी खा. तीनदा नको म्हणायचं आणि चौथ्यांदा जेवायला बसायचं, असा आपल्या घरचा कायदा. आणि मी रुसले की न्हाणीघरात जाऊन आतून कडी. तू बाहेर जमिनीवर बसून मुद्दाम मचमच करत खायचीस. "वा, काय झालंय! बरं झालं बाई ढब्बू जेवत नाही, मला दोघींचं." मी आतून किंचाळायचे, "माझं ठेव!" दार उघडायचं. मूळ भांडण कशावरून होतं ते दोघींनाही आठवायचं नाही.

तर मी कडी लावून बसले आहे. आता तुझी पाळी.

तुझी (अजून तरी),
ढब्बू

२१ फेब्रुवारी

ताई,

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते आपल्या दोघींना बघूनच म्हणत असावेत.

इथली एक गंमत सांगते. रुसून बसायला समोर माणूस लागतं, हे मला ठाऊकच नव्हतं. घरी मी ताट नुसतं बोटभर सरकवलं की तिघांच्या माना वळायच्या. इथे मी जेवायच्या हॉलमध्ये जातच नाही, तर कुणाच्या लक्षातही आलं नाही. दोनशे पोरं ट्रे घेऊन बसतात, प्रत्येकाच्या पुढ्यात लॅपटॉप, कानात बोंडं. एक हात ताटात, एक हात कीबोर्डवर. "जेवलीस का?" हा प्रश्नच या लोकांच्या भाषेत नाही बहुतेक. हवापाण्याचं विचारतात. मी कशी आहे ते विचारतात आणि उत्तर यायच्या आत पुढे जातात.

माझ्या खोलीत जी मुलगी आहे तिला मी मनात लांबडी म्हणते. दाराच्या चौकटीला डोकं टेकेल एवढी उंच. इथलीच आहे, दोन तासांवर तिचं घर. मनाने चांगली आहे. बाबा गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या टेबलावर फुलं ठेवली आणि तासभर खोलीबाहेर थांबली, मला रडायला एकांत मिळावा म्हणून. मला एकांत नको होता गं. कुणीतरी पाठीवर हात ठेवून "गप, गप" म्हणायला हवं होतं. पण तिला काय माहीत?

परवा तिने बिस्किटांचा पुडा पुढे केला. "घेणार?" मी म्हटलं, "नको." आपलं नेहमीचं पहिलं नको. तिने पुडा बंद करून कपाटात ठेवून दिला! दुसऱ्यांदा विचारायचं असतं, हे हिला कुणी शिकवलंच नाही. मी सांगितलं तेव्हा ती घाबरली. म्हणाली, "तू नको म्हणालीस ना? मग मी कशी आग्रह करणार? तो तुझा अपमान झाला असता." मला हसू आवरेना. मग हसू गेलं आणि तशीच बसून राहिले.

मी काही अगदीच उपाशी नाही, घाबरू नकोस. चहा घेते. दुपारी एखादं फळ. भूक मेली आहे, त्याला मी काय करू? पोटात दगड ठेवल्यासारखा वाटतो, आणि घास घशाशी आला की तिथेच थांबतो. पहिले काही दिवस मी मुद्दाम जेवत नव्हते. आता मुद्दाम करावं लागत नाही.

अभ्यास झकास चालू आहे. सध्या काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडायचं काम आहे. किती वजनाला फुटतो ते बघायचं आणि लिहून ठेवायचं. बाबांनी पाहिलं असतं तर म्हणाले असते, "एवढं शिकून फोडाफोडीच करायची होती तर गॅरेजमध्ये काय वाईट होतं?"

व्हॅनचा पट्टा बदललास का? चढावर कुई-कुई करायचा तो.

ढब्बू

१६ मार्च

ताई,

आज पोटभर हसले, म्हणून लगेच लिहायला बसले. पोटभर म्हणजे फक्त हसण्याने.

आमची लांबडी आजारी आहे. तिला जेवणाचा आजार आहे. असा आजार असतो, त्याला नाव आहे, कॉलेजात त्याची वेगळी खोली आहे, बाहेर खुर्च्या मांडल्या आहेत आणि त्यावर पोरी रांगेने बसतात. मला वाटायचं, ही रोज पहाटे पळायला जाते, तब्येतीची काळजी घेते. तर ते पळणं म्हणजे शिक्षा. आदल्या दिवशी काही खाल्लं त्याची. आरशावर टॉवेल टाकून ठेवते, मी समजत होते वाळत घातलाय. तिच्या आईने तिला आयुष्यात एकदाही "अजून घे" म्हटलेलं नाही. वाढदिवसाच्या केकवर सुरी ठेवली की आई म्हणायची, "बेताने हं." ऐकून मला रडूच आलं. दुसऱ्या घासाला आईच आडवी येते, असं घर मी कल्पनेतसुद्धा पाहिलं नव्हतं. आणि तिला आपल्या घराचं ऐकून धाप लागली. म्हणे, "म्हणजे नको म्हटलं तरी वाढतात? मग तुमचं नको कुणी ऐकतच नाही?" मी म्हटलं, "ऐकतात ना, म्हणून तर वाढतात."

तिला त्या खोलीत एकटीने जायची भीती वाटत होती, म्हणून मी सोबत गेले. तिथली बाई चष्मेवाली, मऊ आवाजाची. लांबडीचं झाल्यावर तिने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि मलाही बसवलं. ऐक आता.

"आरशात बघून काय वाटतं?"
मी म्हटलं, "भांग वाकडा आहे असं वाटतं."
"जाड होण्याची भीती वाटते?"

ताई, मी खो-खो हसले. जाड होण्याची भीती! आपल्याकडे सुट्टीत घरी गेले आणि जरा गाल वर आलेले असले की अख्खी गल्ली म्हणते, "तब्येत सुधारली हो पोरीची." मी तिला म्हटलं, "बाई, आमच्याकडे बारीक झालं तर घाबरतात. मला तर घरी ढब्बू म्हणतात." म्हणजे काय ते सांगितलं, आणि बाईने पेन खाली ठेवलं. डोळ्यांत पाणी. "किती लागलं असेल तुला ते." मी म्हटलं, "अहो, लाडाने म्हणतात." ती म्हणाली, "सुरुवातीला सगळेच असं म्हणतात." माझा हात धरून बसली. शेवटी मीच तिची समजूत काढली.

मग खरं काय ते मी सांगितलं. भूकच लागत नाही, दगड बसलाय, घास उतरत नाही. मला जाड-बारीक काहीच व्हायचं नाही. ती म्हणाली, मग हा तो आजार नाही. वडील गेल्याचं दुःख आहे, वेळ जाऊ दे. आणि पोटाच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्याने पोट दाबलं, पांढरं औषध दिलं, सकाळ-संध्याकाळ दोन चमचे. झालं. मी पास!

तू उत्तर का देत नाहीस? मला तुझं म्हणणं कळत नाही असं नाही. तूही तिकडे एकटीच आहेस. पण धाकटी मी आहे. समजूत मोठ्याने काढायची असते.

ढब्बू

११ एप्रिल

ताई,

काही विशेष नाही. प्रयोगशाळेत ठोकळा माझ्या हातातून निसटला आणि तिथल्या मदतनीसाच्या पायावर पडला. बोट मोडलं त्याचं. मी तिसऱ्यांदा माफी मागितली तेव्हा तो म्हणाला, "माझं बोट जाऊ दे, तुझे हात बघ." मी हात खिशात घातले. आता मला ठोकळे उचलू देत नाहीत, मी नुसते आकडे लिहिते. आकड्यांच्या ओळीसुद्धा हलतात अधूनमधून. झोप कमी झाली आहे, दुसरं काही नाही.

दुसरं काही नाही म्हटलं की तू ओळखतेस, म्हणून खोडत होते. पण राहू दे.

लांबडी आता बरी होत चालली आहे. रोज ठरलेल्या वेळी रडत रडत जेवते, पण जेवते. आरशावरचा टॉवेल काढला. काल माझ्या पलंगावर येऊन बसली आणि म्हणाली, "तू माझ्यासारखीच आहेस." मला इतका संताप आला! मी म्हटलं, "मुळीच नाही. तू स्वतःवर रागावली आहेस. मी माझ्या बहिणीवर रागावले आहे." ती म्हणाली, "पण उपाशी तूच आहेस ना?"

मी तिला खोलीबाहेर काढलं. तिची खोली असून.

आणि मग मी राग सोडला. ऐकतेस ना, मी सोडला. तू जिंकलीस. ताई, तू चोर नाहीस. तू माझी परीक्षा वाचवलीस आणि एकटीने सगळं केलंस, आणि मी तुला उलट बोलले. मी मनात "ताई, चुकलं" म्हणाले, तोंड धुतलं आणि जेवायच्या हॉलमध्ये गेले. भात घेतला, उकडलेलं अंडं घेतलं. खिडकीजवळ बसले. मला वाटलं, कडी काढली, आता संपलं.

हात उठला नाही गं.

मी हाताकडे बघत होते आणि तो उठत नव्हता. घरी कसं, रुसवा गेला की आधी भूक कडाडून लागायची, मग हसू यायचं. इथे रुसवा गेला आणि भूक आलीच नाही. उलट भीती आली. एक घास खाल्ला तर काय होईल, त्याची भीती. काय होईल ते तुला सांगते, कारण त्या चष्मेवालीला ते कुठल्याच प्रश्नात सापडणार नाही. जेवले म्हणजे भांडण मिटलं. भांडण मिटलं म्हणजे बाबा गेले ते ठीक झालं. मला न सांगता गेले, मी त्यांचा हात धरला नाही, आणि मी खिडकीत बसून अंडं खातेय. तसं मला होऊ द्यायचं नाही. एवढंच. कुठे जाड आणि कुठे बारीक?

अंडं रुमालात गुंडाळून आणलं आणि टाकून दिलं. बाबांनी अन्न टाकू दिलं नसतं.

ताई, तू ये. मला माहीत आहे शाळा चालू आहे, व्हॅन कोण चालवणार, पोरं कोण सोडणार. तरी ये. पुढ्यात ताट घेऊन बस आणि मचमच कर. मी लगेच दार उघडीन. मला खात्री आहे, तू आलीस की होईल.

ढब्बू

२ मे

ताई,

लांबडीने तुला फोन केला हे मला आज कळलं. नंबर तिला माझ्या वहीत मिळाला. तिचं बोलणं मनावर घेऊ नकोस, ती फार घाबरट आहे. मी जिन्यात जरा बसले होते, उठता आलं नाही, एवढंच झालं. दवाखान्यात ठेवलंय ते तपासण्यांसाठी. पांढरी स्वच्छ खोली आहे, खिडकीतून वाहनतळ दिसतो. तिथे एक पिवळी व्हॅन रोज चुकीची लावतात, तू पाहिलीस तर शिव्या घालशील.

तू यायची काही गरज नाही.

अक्षर वाकडं आलंय, कारण पालथं पडून लिहितेय.

ढब्बू

१९ मे

ताई,

तू वरच्या मजल्यावर आहेस आणि मी खालच्या, आणि पत्र लिहितेय. बाबांनी आपल्या दोघींना गाढवं म्हटलं असतं आणि ते बरोबरच आहे. नर्स म्हणाली, तुझी साखर आता ठिकाणावर आहे, सलाइन उद्या सकाळी काढतील. तू भिंतीकडे तोंड करून पडली आहेस आणि माझं नाव काढलं की डोळे मिटतेस, हेही तिने सांगितलं. तिला वाटतं तू गुंगीत आहेस. मी सांगितलं नाही तो काय प्रकार आहे.

जे झालं ते मला तुला सांगू दे, कारण तुला ते माझ्या बाजूने माहीत नाही.

तू आलीस. दारात तुझी ती दोन पट्ट्यांची चप्पल दिसली आणि मला वाटलं, सुटले. तू एक शब्द बोलली नाहीस. मला बघून तुझा चेहरा कसा झाला तो मी बघितला, पण तू लगेच तोंड फिरवून पिशवी उघडलीस. स्वयंपाकघरातून भांडून ताट आणलंस. तिथल्या वाढणाऱ्या पोरीला तुझी भाषा येत नव्हती आणि तुला तिची, तरी तू वाटीभर जास्त आणलंस. जमिनीवर बसलीस. नर्स म्हणाली, खुर्ची आहे. तू ऐकलं नाहीस. आणि मचमच सुरू केलीस. "वा, काय झालंय!" तुझा आवाज फाटला होता.

मी हसले, ताई. खरंच हसू आलं. मी म्हटलं, "माझं ठेव." तू घास केलास, माझ्या तोंडाशी आणलास. मी तोंड उघडलं. घास आत गेला. आणि तो तिथेच राहिला. मी तुझ्याकडे बघत होते, तू माझ्याकडे, आणि तो खाली जाईना. शेवटी तुझ्याच हातात थुंकला.

तू म्हणालीस, "बास झाली नाटकं." तुला दुसरं काय वाटणार? आपल्याकडे न जेवणं म्हणजे नाटकच, गोड किंवा कडू. मग तू आपल्या घरचं शेवटचं हत्यार काढलंस. "तू जेवत नाहीस तोवर मी पाण्याशिवाय काही घेणार नाही." आई बाबांवर हे वापरायची. बाबा एका वेळात नरम यायचे. साखरेच्या गोळ्या तुला चालू आहेत हे मला माहीतच नव्हतं, तूही थापाच मारतेस. डॉक्टरीण नर्सला विचारत होती, "पेशंटला भेटायला आलेली बाई का जेवत नाही? तिलाही तोच आजार आहे का?" मी त्यांना काय सांगू? त्यांच्याकडे न जेवणाऱ्याला आजारी म्हणतात, आपल्याकडे रुसलेला म्हणतात. तू रुसलेली होतीस. मी आजारी होते. आपल्या दोघींचं ताट सारखंच भरलेलं होतं आणि बाहेरून काही फरक दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तुझे ओठ पांढरे पडले. मला दिसत होतं. मी ताटापुढे बसले. मनात म्हटलं, हरामखोर, ती तुझ्यासाठी उपाशी आहे, उचल हात. माझी ताई, जिने आई गेल्यावर मला न्हाऊ-माखू घातलं, पहाटे उठून गाडी काढून पोरं सोडली आणि मला शिकवलं, ती माझ्यासमोर घामाने भिजत होती. उचल. नुसता एक घास. आणि मी उचलला नाही. तू त्या लांब गॅलरीत कोसळलीस तेव्हासुद्धा माझ्या मनात पहिलं काय आलं माहीत आहे? आता मला आज जेवावं लागणार नाही. असा विचार मी तुझ्याबद्दल केला, ताई. तुझ्याबद्दल.

तेव्हा मला कळलं की हा राग नव्हे. राग असता तर तिथे संपला असता. आत दुसरंच कुणीतरी बसलंय, आणि ते तुझ्या समजुतीने बाहेर येणार नाही. माझ्याही नाही. लांबडी मला हेच सांगत होती आणि मी तिला तिच्याच खोलीतून हाकललं.

आता कामाचं. नीट वाच.

डॉक्टरणीने मला दोनदा विचारलं आहे, नाकातून नळी घालून अन्न द्यायचं का. दोन्ही वेळा मी नाही म्हटलं. दोन्ही वेळा ती "ठीक आहे, तुझा निर्णय" म्हणून गेली. किती सभ्य माणसं आहेत ही! विचारून विचारून, दार हळूच लावून, माणसाला मरू देतील. माझं काळीज फार सावकाश चाललंय, असं तिने आज स्पष्ट सांगितलं. नळीने मी बरी होईन असं ती म्हणाली नाही. मी विचारलंही. ती म्हणाली, "वेळ मिळेल." वेळ मिळून मी काय करीन ते मला ठाऊक नाही. मला आशा वगैरे काही वाटत नाही, तुला खोटं कशाला सांगू? उद्याचा दिवस आजच्यासारखाच दिसतो आणि परवाचाही.

पण आज दुपारी, तू वर पडली असताना, थोडा वेळ ते आतलं झोपलं होतं. तेवढ्यात मी त्यांना बोलावलं आणि सांगितलं की यापुढे नळीचं माझ्या बहिणीने ठरवायचं. माझ्या ताईचा शब्द तो शेवटचा. त्यांनी खोदून खोदून विचारलं, माझी खात्री आहे ना, पुन्हा विचारलं, दोन साक्षीदारांसमोर वदवून घेतलं. तेवढ्यापुरती खात्री होती. आता हे लिहिताना ती चालली आहे. म्हणून घाईने लिहितेय.

उद्या सकाळी तुला चाकांच्या खुर्चीतून खाली आणतील आणि माझ्यासमोर विचारतील. तेव्हा मी ही आत्ता लिहिणारी नसणार. मी नाही म्हणेन. शांतपणे म्हणेन, शहाण्यासारखं, सगळ्यांना पटेल असं. पटलं नाही तर ओरडेन. तुला चोर म्हणेन. बाबांना जसं नळ्या घालून मारलंस तसं मला मारतेस का, असंही म्हणेन, ते वाक्य तयारच आहे, आत्ता माझ्या जिभेवर आहे. तुला ते कुठे लागेल ते मला माहीत आहे आणि त्या आतल्यालाही माहीत आहे. ते मी नव्हे. पण आवाज माझाच असेल, आणि तू नेहमी माझ्या रडण्यापुढे नमतेस.

नमू नकोस. रडायचं तर रड, माझ्याकडे बघू नकोस, खिडकीकडे बघ. मग माझ्याशी जन्मभर बोलली नाहीस तरी चालेल, आणि हे पद्धत म्हणून लिहीत नाहीये.

उद्या तू हो म्हण.